गाडीवरचा माळो : कोकणात रूफटॉप टेंट घ्यायचा तर काय बघून घ्यावा

भोगव्याला पहिल्यांदा गाडीच्या टपावरचा टेंट उघडला तेव्हा ज्यांच्या वाडीत गाडी लावली होती ते आजोबा पायरीवर बसून सगळं बघत होते. कव्हर निघालं, शिडी ओढली, कापड ताठ झालं, तोवर एक शब्द नाही. मग उठून गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "हो माळो गाडयेर कित्याक घातलंस रे झिला?" किंमत विचारली. म्हटलं अठ्ठ्याहत्तर हजार. "तेवढ्यात माझो अख्खो मांगर शाकारून झालो असतो." (मांगर म्हणजे शेतातलं छोटं घर.) तेव्हापासून आमच्या घरात त्याला टेंट कोणी म्हणत नाही, माळोच म्हणतात.

दोन सीझन झाले आता, ऑक्टोबर ते मे असे दोन, मिळून १९ रात्री काढल्यात त्यात. गाडी जुनी बोलेरो, माणसं आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. राहतो कुडाळला. टेंट सॉफ्टशेल आहे, म्हणजे कापडी घडीवाला, उघडला की निम्मा गाडीच्या बाहेर लोंबतो आणि त्या लोंबत्या भागाला शिडीचाच टेकू. कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण खाली मी त्यांच्याबद्दल थोडं रडणार आहे आणि मला भांडण नकोय. कुठला घ्यावा असं मला आठवड्याला एकजण तरी विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हे सांगतो की कोकणात याचा उपयोग आहे का. मलाही वाटायचं की हे सगळं ऑस्ट्रेलिया आणि साऊथ आफ्रिकेतल्या लोकांचं खूळ, आपल्याकडे गावोगाव होमस्टे, हजार-दीड हजारात खोली आणि वर सोलकढी. पण ज्यांनी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जमिनीवरचा टेंट लावायचा प्रयत्न केलाय त्यांना विचारा. जांभ्यात पेग, म्हणजे टेंटचा खुंटा, जात नाही. जातच नाही, तीन पेग वाकवलेत मी, शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या. वाळूत उलट, पेग लोण्यासारखा आत जातो आणि वाऱ्याची पहिली झुळूक आली की लोण्यासारखाच बाहेर. आणि तिसरी गोष्ट, कातळावर फुरसं असतं, विषारी साप. वीतभर ते हातभर लांब, कातळाच्याच रंगाचं, रात्री टॉर्च मारूनही पटकन दिसत नाही. मुलीला घेऊन जमिनीवर झोपायला माझी बायको तयारच नव्हती आणि तिचं बरोबर होतं. तर पेगही नको आणि फुरशाची भीतीही नको म्हणून गाडीवर चढलो, व्ह्यू वगैरे नंतरचं. (वर झोपलात म्हणून बूट खाली उघडे ठेवू नका, ते सकाळी झटकूनच घाला.)

आता निवडायचा कसा. सगळेजण सुरुवात करतात हार्डशेल (कडक पेटीसारखा) की सॉफ्टशेल इथून. चूक. सुरुवात गाडीच्या टपापासून करायची. साधा दोन-तीन माणसांचा सॉफ्टशेल ५० ते ६० किलो भरतो, हार्डशेल ६० च्या पुढे, त्याच्या खाली कॅरियरचे वीस-पंचवीस किलो वेगळे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं आणि ते चालत्या गाडीचं असतं, उभ्या गाडीचं नाही. यात लोक गोंधळतात की ७५ किलोची मर्यादा असेल तर वर तीन माणसं कशी झोपणार. डोक्यावर पाटी घेऊन उभं राहणं वेगळं आणि तीच पाटी घेऊन एसटी पकडायला धावणं वेगळं, तसं आहे ते. उभी गाडी त्याच्या कितीतरी पट वजन पेलते, पण खड्ड्यात आदळताना आणि फोंडा घाटाच्या वळणावर ब्रेक मारताना मोजायचं ते फक्त टेंट अधिक कॅरियर, आणि ते मर्यादेत बसलंच पाहिजे.

म्हणून जिम्नीवाल्या मित्रांनो, मॅन्युअल उघडा, टपावर ३० किलो लिहिलंय. तीस! त्यात कॅरियर आला की संपलं, टेंट कुठे ठेवणार. थ्री-डोअर थारचं हार्डटॉप पत्र्याचं नाही, त्यावर थेट काहीच टाकू नका, बॉडीला धरून वेगळी फ्रेम करून घ्यावी लागते आणि तो खर्च टेंटच्या खर्चात धरून चाला. आमच्या बोलेरोला टपाच्या कडेने जुन्या पद्धतीची पन्हळ आहे, तिला सहा ठिकाणी धरणारा कॅरियर बसवला, म्हणून निभावलं. तरी गाडी वळणावर जास्त झुकते हे पहिल्याच दिवशी कळतं. उंचीवर साठ किलो म्हणजे खाली साठ किलो नव्हेत. मायलेज पूर्वी बारा-साडेबारा द्यायची, आता साडेदहा, आणि ऐंशीच्या पुढे गेलं की वारा असा काही घोंघावतो की गाणी लावून उपयोग नाही.

आता कापड, आणि इथे जरा वेळ घेतो, कारण कोकणात सगळं पाणी इथेच मुरतं. दोन जाती आहेत. एक पॉलिकॉटन, म्हणजे सुती आणि पॉलिस्टर मिसळून विणलेलं जाडसर कॅनव्हास, साधारण २८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम). दुसरं ऑक्सफर्ड पॉलिस्टर, त्याला आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप. दुसरं हलकं, स्वस्त आणि दिसायला चकाचक. पण ते श्वास घेत नाही. आपल्याकडे मार्चपासून रात्रीसुद्धा हवेत इतका दमटपणा असतो की अंगाला चादर चिकटते, त्यात तीन माणसं बंद प्लॅस्टिकमध्ये झोपली तर पहाटे छतावरून पाणी ठिबकतं, आणि सगळे म्हणतात टेंट गळतोय. गळत नसतो तो, आपलाच श्वास असतो. शिवाय उष्मा आणि दमट हवा एकत्र आली की तो पीयूचा लेप काही वर्षांत चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. जुना रेनकोट घडी करून कपाटात ठेवला की पुढच्या जूनला कसा चिकटलेला निघतो, तेच हे. म्हणून भिंती पॉलिकॉटनच्या आणि वरचा पावसाचा पडदा पीयूवाला, असं कॉम्बिनेशन असेल तोच घ्या. पॉलिकॉटन घेतलात तर घरी आणल्यावर पहिल्यांदा अंगणात उघडून पाइपने चिंब भिजवायचा आणि पूर्ण वाळवायचा, दोनदा. सुती धागा पाण्याने फुगतो आणि शिवणीची भोकं बुजतात. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नाही, म्हणून पहिल्या पावसात कोपऱ्यातल्या शिवणीतून थेंब आले आणि मी रात्री बारा वाजता त्याला शिव्या घातल्या, ज्यातल्या निम्म्या तरी फुकट गेल्या.

आणि हो, टेंटवर ३००० एमएम असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. आमच्याकडे वर्षाचा पाऊसही साधारण तीन हजार मिलिमीटरच पडतो त्यामुळे एका काकांनी मला विचारलं होतं की म्हणजे एक पावसाळा टिकतो का हा. तसं नाही. त्या कापडावर पाण्याचा तीन हजार मिलिमीटर, म्हणजे तीन मीटर उंच खांब उभा केला तरी पाणी झिरपत नाही असा त्याचा अर्थ. पडद्याला दोन-अडीच हजार असेल तरी भागतं. गळती होते ती कापडातून नाही, शिवणीतून आणि चेनीतून, तेव्हा शिवणीवर आतून टेप मारलीय का ते बोट फिरवून बघा.

पावसाळ्यात मात्र वापरू नका, जून ते सप्टेंबर मी तो उतरवून ठेवतो. साठ किलोचं धूड उतरवायला चार माणसं लागायची, आता पडवीच्या तुळईला विहिरीची जुनी कप्पी बांधलीय, गाडी खाली लावायची, बोल्ट काढायचे, वर ओढायचं, गाडी पुढे घ्यायची, झालं.

ऑक्टोबरचा किस्सा सांगतो. राजापूरच्या बाजूला एका सड्यावर होतो, कातळशिल्पं बघायला गेलेलो. (बारसू, देवाचे गोठणे वगैरेंची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलीयत, कृपा करून त्या चित्रांच्या आसपास गाडी नेऊ नका, आम्ही चांगले लांब रस्त्याकडेला होतो.) सात वाजता आभाळ स्वच्छ, आडवा सोनेरी प्रकाश, बायको चक्क म्हणाली की पैसे वसूल. साडेनवाला पूर्वेकडून गडगडायला लागलं. परतीचा पाऊस कसा येतो ते कोकणात वेगळं सांगायला नको. दहा मिनिटांत वारा सुटला, पडद्याच्या स्प्रिंगच्या सळ्या एकेक करून निसटल्या आणि पडदा असा फडफडायला लागला की मुलगी रडायलाच लागली. आणि मग वीज. तेव्हा डोक्यात आलं की आपण एका उघड्याबोडक्या कातळावर आहोत, आजूबाजूला झाड नाही, घर नाही, सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपला माळो, आणि त्याला ॲल्युमिनियमची शिडी टेकवलेली. तसेच उतरलो, गाडीत शिरलो, काचा वर. पत्र्याच्या बंद गाडीत माणूस विजेपासून बराच सुरक्षित असतो, कारण वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. कापडाच्या टेंटला तो हिशोब लागू नाही. तर विजा असतील तर वर झोपायचं नाही, टेंट पाच हजाराचा असो की पाच लाखाचा. ती रात्र तिघांनी सीटवर काढली.

पण खरी चूक दुसऱ्या दिवशीची. ओला टेंट तसाच कोंबून बंद केला आणि घरी आल्यावर ऑफिस, मुलीची शाळा, दोन दिवस उघडायला वेळ नाही. तिसऱ्या दिवशी उघडला तेव्हा आतून असा वास आला की शेजाऱ्यांनी विचारलं काय मेलंय का. गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके. बुरशी. व्हिनेगर-पाण्याने पुसलं, तीन दिवस उन्हात ठेवला, वास गेला पण ठिपके आहेत ते आहेतच. कोकणात ओला बंद केलेला टेंट त्याच दिवशी उघडून वाळवायचा, नाहीतर विसरा. आणि गादीच्या खाली हवा खेळायला जाळीची मॅट मिळते ती पहिल्या दिवसापासून घाला. ती मी नंतर घेतली, अडीच हजार, टेंटबरोबरच द्यायला पाहिजे होती असं माझं स्पष्ट मत आहे.

हार्डशेल घ्यावा का? तो उघडायला एक मिनिट लागतं, गॅसच्या दट्ट्यावर आपोआप उठतो, उशा-चादरी आतच राहतात, वाऱ्यात फडफड कमी. आमचा उघडायला दहा मिनिटं आणि बंद करायला वीस, त्यातली पाच नवराबायकोच्या भांडणाची. रोज जागा बदलणारे असाल, दोघंच असाल आणि दीड लाखाच्या पुढे जायची तयारी असेल तर बेशक हार्डशेल. पण एका मित्राचा पुढून उघडणारा आहे, त्यात एप्रिलमध्ये देवगडला एक रात्र झोपलो, पायाकडची बाजू बंद आणि वारा समोरून नव्हताच, भट्टीत घातल्यासारखं झालं. आमच्या सॉफ्टशेलला चारही बाजूंनी जाळी आहे आणि छताला एक झरोका. संध्याकाळी समुद्रावरून खारा वारा येतो, पहाटे मतलई उलट दिशेने, शाळेत भूगोलात पाठ केलं होतं ते इथे कामाला येतं, दोन्ही बाजूंच्या खिडक्या समोरासमोर हव्यात म्हणजे रात्रभर काही ना काही आरपार जातं. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

लोखंडाचं रडगाणं आता. पहिल्या चार महिन्यांत बिजागऱ्यांवर तांबूस रंग चढला. बोल्ट दिलेले ते साधे, वरून झिंकचा मुलामा, खाऱ्या हवेत तो किती टिकणार. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "सर, कोस्टल एरियात होतं असं." अरे बाबा, मी ऑर्डर देताना पत्ता कुडाळचाच दिला होता ना! शेवटी मालवणात होड्यांचं सामान मिळतं तिथून ३१६ स्टेनलेस स्टीलचे एम-८ (आठ मिलिमीटरचे) बोल्ट आणि नायलॉन लॉकचे नट आणले, ॲल्युमिनियमला जिथे लागतात तिथे ग्रीस लावून बसवले, कारण स्टील आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वर्ष झालं, एक ठिपका नाही. नवीन बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे, माझे दोन ढिले निघाले होते. चेनींना दर ट्रिपनंतर गोड्या पाण्याने धुऊन साधी मेणबत्ती घासतो.

शिडी विकत घेताना लोक बघतच नाहीत. आईला घेऊन गेलो होतो एकदा, गुडघ्यांमुळे ती तिसऱ्या पायरीवरून परत आली आणि गाडीत झोपली, तर घरात वयस्कर माणसं असतील तर हा प्रकार त्यांच्यासाठी नाहीच हे आधी मान्य करा. पायऱ्या गोल आणि बारीक, अनवाणी पायाला रुततात, आणि रात्री तीन वाजता मुलीला शू लागली की तुम्हाला त्या दोनदा चढाव्या लागतात. मी प्रत्येक पायरीला काथ्याचं सुंभ घट्ट गुंडाळलं, शंभर रुपयांचं काम, पाय रुतत नाही आणि दवाने घसरतही नाही. गाडी समपातळीत लावायलाही विकतचे प्लॅस्टिकचे उतार नकोत, कोकणात कुठेही जांभ्याचा चिरा मिळतो, चाकाखाली घालायचा, आत पाण्याची बाटली आडवी ठेवून बुडबुडा बघायचा. डोकं उताराला आलं की सकाळी डोकं दुखतं.

जागा निवडताना वर बघायचं. माडाखाली तर अजिबात नाही, त्या भोगव्याच्या आजोबांनी आम्हाला पहिली जागा बदलायला लावली, "नारळ काय इचारून पडतलो?" म्हणून. वाडीत शिरताना पाणंदीवरून वीजेची सर्व्हिस वायर खाली आलेली असते, आमची उंची आता सव्वादोन मीटरच्या वर गेलीय, बायको उतरून बघते मग मी गाडी घालतो. काजूच्या एका फांदीने कव्हरला हातभर चीर दिलीय ती याच्याच आळसामुळे. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायचा मोह होतो, नका घालू. वेळास, आंजर्ले आणि अजून बऱ्याच किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालायला येतात, चाकाखाली घरटं गेलेलं कळतही नाही. वाडीच्या मालकाला विचारा, तीनशे-पाचशे रुपये द्या, विहिरीचं पाणी आणि संडासही मिळतो.

एक गैरसोय कोणीच सांगत नाही. आंजर्ल्याला मुक्काम होता, जयगड आणि दाभोळ असे दोन फेरीबोटींचे टप्पे करत मुद्दाम लांबून गेलेलो, सकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघायचा बेत. पण गाडी हलवायची म्हणजे घर मोडायचं. मुलगी उठणार, गादी गुंडाळणार, कापड कोंबणार, कव्हरची चेन ओढणार. पोचलो तेव्हा लिलाव संपून टोपल्या धुवायला लागले होते. चहाला जायचं तरी तेच. एका जागी तीन दिवस राहून आसपास फिरणारे असाल तर सरळ जमिनीवरचा चांगला टेंट घ्या नाहीतर होमस्टे, हा तुमच्यासाठी नाही.

बाकी टेंटला मी पाचात चार देईन, बोल्ट आणि कव्हरचा अर्धा-अर्धा कापून. कव्हरची चेन दुसऱ्या सीझनला पूर्ण गेली. कंपनीने नवीन कव्हरचे साडेसात हजार सांगितले. कुडाळला टेम्पोच्या ताडपत्र्या शिवणारा आहे, त्याच्याकडे जुनं कव्हर नेऊन टाकलं, तो हसला आणि म्हणाला चेन घालूच नका, कडेने पितळी आयलेट मारून देतो, दोरीने आवळा, आंब्याच्या गाड्यांना कोण चेन लावतं. तीन हजार दोनशे सांगितलेत, पुढच्या सोमवारी मिळणार आहे.